हातगुण आणि मिलिमीटर

‘शीर मिळत नाहीये’ हे वाक्य आपल्या रुग्णालयांत इतक्या सवयीने उच्चारले जाते की ते एखाद्या निदानासारखे वाटू लागते. चार वेळा सुई टोचून झालेली असते, मनगटाजवळ निळा डाग उमटलेला असतो, नातेवाईक खाटेच्या दुसऱ्या बाजूला गप्प उभे असतात, आणि मग कुणीतरी म्हणते, त्या मोठ्या सिस्टरना बोलवा, त्यांचा हात हलका आहे. हातगुणावरचा हा विश्वास आपल्याकडे खोल रुजलेला आहे आणि तो खोटाही नाही. वर्षानुवर्षे सुया लावणाऱ्या बोटांना त्वचेखालचे जे कळते, ते पुस्तक वाचून येत नाही. पण साधी सलाइन लावण्याऐवजी दंडातून थेट हृदयाच्या दारापर्यंत नळी न्यायची असते, तेव्हा याच विश्वासामुळे रुग्णाचे नुकसान होऊ शकते. नळी अडकली की हात कमी पडला असे आपण समजतो आणि आणखी कुशल हात शोधतो. या कामातल्या बहुतेक अडचणी मात्र सुई टोचण्याच्या आधीच दिसू शकतात, मोजता येतात. आणि ज्या वाटेत उभ्या राहतात त्या जोर लावून सुटत नाहीत, थांबून विचार केला की सुटतात.

या नळीला वॉर्डात सगळे ‘पिक लाइन’ म्हणतात. शेवईसारखी बारीक, मऊ, साधारण चाळीस सेंटीमीटर लांबीची ही नळी दंडाच्या आतल्या बाजूच्या शिरेतून आत सरकवतात. काखेतून, कॉलर बोनच्या खालून ती छातीत उतरते आणि तिचे टोक वरच्या महाशिरेत, म्हणजे डोके, मान आणि दोन्ही हातांकडचे रक्त जिथून हृदयात शिरते त्या तोंडाशी येऊन थांबते. एवढा लांबचा प्रवास कशासाठी, याचे उत्तर रक्ताच्या वेगात आहे. दंडातल्या शिरेतून मिनिटाला शंभर मिलिलिटरच्या आसपास रक्त वाहते. महाशिरेतून सुमारे दोन लिटर. डॉक्सोरुबिसिन किंवा विनक्रिस्टिनसारखे केमोचे औषध हातातल्या छोट्या शिरेत सोडले तर ते तिच्या भिंतीला जाळत जाते, आणि शिरेबाहेर झिरपले तर कातडी व खालचे मांस सडवू शकते. तेच औषध महाशिरेत पडताच पातळ होऊन पुढे निघून जाते. तोंडाने काहीच घेता येत नाही अशा रुग्णाला शिरेतून दिले जाणारे संपूर्ण अन्न, किंवा हाडातल्या जंतुसंसर्गासाठी कित्येक आठवडे चालणारी प्रतिजैविके, यांनाही हीच वाट सोयीची पडते. म्हणून पिक लाइन घालण्याची वेळ बहुधा अशाच माणसावर येते, ज्याच्या हातावरच्या शिरा आधीच्या सुयांनी आणि औषधांनी दोरीसारख्या कडक झालेल्या असतात. सर्वात अवघड हात घेऊन आलेल्या रुग्णालाच या नळीची सर्वात जास्त गरज असते, आणि म्हणूनच तिच्या अडचणींकडे अपवाद म्हणून पाहता येत नाही.

हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी पोचू शकते हे जगाला दाखवणाऱ्या वेर्नर फोर्समनची गोष्ट वैद्यकीय महाविद्यालयांत आवडीने सांगितली जाते. १९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे इथल्या रुग्णालयात या तरुण डॉक्टरने वरिष्ठांनी मनाई केलेली असताना मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी एक नळी स्वतःच्या डाव्या कोपरासमोरच्या शिरेतून सुमारे ६५ सेंटीमीटर आत सरकवली. पुढे १९५६ साली आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ही कथा धाडसाची म्हणून सांगतात. मला तिच्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो: नळी आत असतानाच फोर्समन चालत एक्स-रे विभागात गेला आणि तिचे टोक कुठे आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिले. पाहिले नसते तर त्याच्याकडे एक थरारक दावा उरला असता, पुरावा नव्हे. त्याच्यानंतरच्या काळात ही पाहण्याची बाजू बरीच मागे पडली. १९७५ साली व्हर्न होशल या अमेरिकन शल्यचिकित्सकाने हातातून घातलेल्या सिलिकॉनच्या नळ्यांमधून पोषण देण्याची पद्धत मांडली आणि पिक लाइनचा वापर वाढू लागला. पण बरीच वर्षे या नळ्या कोपराच्या खळग्यात, बोटांना लागेल ती शीर धरून, अंदाजानेच घातल्या जात. कोपर सतत वाकते, त्यामुळे नळी दुमडे, शीर सुजे. ज्यांच्या कोपराशी शीर हाताला लागतच नसे, त्यांना ही सोय मिळतच नसे. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून सोनोग्राफीचे यंत्र खाटेशेजारी आले तशी सुई कोपर सोडून दंडावर सरकली. दंडातल्या खोल शिरा बोटांना लागत नाहीत, पण पडद्यावर स्वच्छ दिसतात.

पडद्यावर काय पाहायचे हे मुळात अवघड नाही. प्रोब दंडावर आडवा ठेवला की काळी वर्तुळे दिसतात. हलके दाबले की शीर चपटी होते; धमनी चपटी होत नाही, ती ठोके देत राहते. दाबूनही एखादी शीर चपटी झाली नाही, तर तिच्यात रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते आणि तो हात तिथेच सोडायचा असतो. दंडाच्या आतल्या बाजूची बॅसिलिक शीर पहिली पसंतीची, कारण ती बऱ्यापैकी मोठी असते, सरळ जाते आणि धमनीपासून अंतर राखून असते. धमनीला बिलगून चालणाऱ्या ब्रेकियल शिरांच्या शेजारून हाताची मुख्य नसही जाते, म्हणून तिथे सुईची चूक महाग पडते. बाहेरच्या बाजूची सेफॅलिक शीर वरवर असल्याने मोहात पाडते, पण खांद्यापाशी ती काटकोनासारखे वळण घेऊन मोठ्या शिरेला मिळते आणि नळी नेमकी त्या वळणावर अडते. रॉबर्ट डॉसन यांनी २०११ साली दंडाचे तीन पट्टे पाडण्याची साधी रीत सुचवली: कोपराच्या आतल्या हाडापासून काखेपर्यंतचे अंतर मोजायचे, साधारण २१ सेंटीमीटर असेल तर सात-सात सेंटीमीटरचे तीन भाग करायचे. कोपराजवळचा भाग लाल, कारण तिथे हालचाल जास्त, काखेजवळचा पिवळा, कारण तिथे घाम आणि जंतू जास्त, मधला हिरवा. सुई हिरव्या पट्ट्यात, त्यातही त्याच्या वरच्या अर्ध्या भागात शिरावी. शिंप्याच्या टेपने होणारे हे काम एका मिनिटाचे आहे, आणि पुढच्या कित्येक आठवड्यांचा त्रास ते वाचवते.

त्याहून महत्त्वाचे मोजमाप शिरेच्या रुंदीचे. नळी शिरेच्या व्यासाच्या ४५ टक्क्यांपेक्षा जाड असू नये, असा दंडक आता सर्वमान्य होत आला आहे. ऑस्ट्रेलियातल्या रेबेका शार्प आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा त्यात मोठा वाटा आहे. त्यातली रुग्णसंख्या फार मोठी नव्हती हे खरे, पण त्यामागचा तर्क कुणालाही पटेल असा आहे. शिरेत नळी टाकली की रक्ताला उरलेल्या जागेतून वाट काढावी लागते. जागा अपुरी पडली की प्रवाह मंदावतो, आणि मंदावलेले रक्त गोठते. नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’ या एककात सांगतात आणि एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. हिशोब केला तर चार फ्रेंचच्या नळीला निदान तीन मिलिमीटर रुंदीची शीर हवी, पाच फ्रेंचला ३.७ मिलिमीटरची, सहाला जवळजवळ साडेचार. ही रुंदी दंडाला पट्टा बांधण्याआधी मोजायची असते, कारण पट्ट्याने शीर फुगते आणि खोटी आशा दाखवते. अनेकदा ‘नळी जातच नव्हती’ अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ इथे सापडते. अडीच मिलिमीटरच्या शिरेत पाच फ्रेंचची नळी सरकवण्याचा प्रयत्न चाललेला असतो. तिथे कितीही निष्णात हात बोलावला तरी शिरेची रुंदी वाढणार नाही. दोन तोंडांची जाड नळी मागवण्याऐवजी एका तोंडाची बारीक नळी पुरेल का, हा प्रश्न त्या वेळी हाताच्या कौशल्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा असतो.

रुंदी पुरेशी असूनही सुई लागताच शीर आकसते असेही होते. शिरेच्या भिंतीत स्नायू असतात. थंडी, भीती, वेदना आणि शरीरातले पाणी कमी होणे या चारही गोष्टींनी ते आवळतात. वातानुकूलित खोलीत, उपाशी पोटी, उलट्यांनी कोरडा पडलेला आणि आधीच्या पाच टोचण्यांची आठवण घेऊन आलेला रुग्ण झोपवला की त्याच्या शिरा बारीक होणारच. यावरचे उपाय इतके घरगुती आहेत की ते कुणाला तंत्र वाटत नाहीत: आधी पुरेसे पाणी किंवा सलाइन, दंडावर दहा-पंधरा मिनिटे कोमट शेक, अंगावर पांघरूण, त्वचा नीट बधिर करणे, आणि काय होणार आहे हे माणसाला समजेल अशा भाषेत सांगणे. आकसलेल्या शिरेशी झटापट करण्यापेक्षा हात थांबवून दोन मिनिटे वाट पाहिली तर ती पुष्कळदा आपणहून सैल होते.

खरी कसोटी लागते ती सुई शिरेत नेमकी गेल्यानंतर. बारीक सुईतून एक लवचीक तार आत सोडायची, सुई काढायची, तारेवरून छोटे वेष्टण घालायचे आणि त्यातून नळी पुढे न्यायची, ही रीत मुळात स्वीडिश क्ष-किरणतज्ज्ञ स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ साली धमन्यांसाठी मांडलेल्या युक्तीतून आली आहे. तार पुढे जाईना की ढकलण्याची इच्छा स्वाभाविक असते, आणि तीच आवरायची असते. तार सुरुवातीलाच, एक-दोन सेंटीमीटरवर अडली तर बहुधा सुईचे टोक शिरेच्या भिंतीला टेकलेले असते किंवा पलीकडे गेलेले असते; पडद्यावर पाहून सुईचा कोन थोडा बदलायचा. दंडात मध्येच अडली तर शिरेतली झडप आडवी आलेली असू शकते. नळीतून सलाइनची हलकी धार सोडत पुढे सरकले की झडप उघडते. खांद्याजवळ अडली तर रुग्णाचा हात अंगापासून काटकोनात बाजूला घेतला की वळण सरळ होते. नळी पुढे गेली पण छातीत उतरण्याऐवजी मानेतल्या शिरेत वर चढली, ही तर नेहमीची गोष्ट. त्यासाठी नळी त्या टप्प्यावर येण्याआधीच रुग्णाला मान नळी घालत असलेल्या बाजूला वळवून हनुवटी खांद्याला टेकवायला सांगतात, म्हणजे वरची वाट दाबली जाते. शक्य असेल तर त्याला थोडे उठवून बसवतात. तरीही शंका राहिली तर मानेवर प्रोब ठेवून नळी दिसते का ते पाहायचे. नळीतून सलाइन जोरात सोडल्यावर काही रुग्ण आपणहून सांगतात, ‘कानापाशी पाणी खळखळल्यासारखं झालं.’ हे ऐकणाराने उडवून लावू नये, कारण नळी चुकीच्या वाटेला लागल्याची ती रुग्णाकडून आलेली बातमी असते.

काही अडथळे मात्र ओलांडायचे नसतात. पूर्वीच्या पिक लाइनमुळे किंवा पेसमेकरच्या तारांमुळे कॉलर बोनच्या मागे शीर अरुंद झालेली असते. छातीतली गाठ महाशीरच दाबत असते. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. अशा हातावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे चूकच, आणि त्याची कल्पना आधीच येऊ शकते. रुग्णाला विचारले, जुने कागद पाहिले, छातीवर आणि खांद्याभोवती नव्याने फुगलेल्या शिरांचे जाळे दिसते का हे सदरा बाजूला करून पाहिले, की निम्मे उत्तर मिळते. मग दुसरा हात, किंवा छातीत कातडीखाली बसवायचा पोर्ट, किंवा क्ष-किरणांच्या पडद्याखाली, शिरेत रंगद्रव्य सोडून केलेला प्रयत्न, यांतले काहीतरी निवडता येते. ‘दोन प्रयत्नांनंतर थांबायचे आणि दुसऱ्याला बोलवायचे’ असा नियम वॉर्डात असला तर त्यात कुणाचा कमीपणा नाही. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला शिरेभोवती साकळलेले रक्त पुढच्या माणसाचेही काम अवघड करून ठेवते.

नळी आत गेली म्हणजे काम झाले असेही नाही. टोक महाशिरेत फार वर राहिले तर गुठळीचा धोका वाढतो. हृदयात खोल गेले तर ठोके अनियमित होऊ शकतात. हात खाली आणला की टोक दोनेक सेंटीमीटर सरकतेही. छातीचा एक्स-रे ही तपासण्याची जुनी पद्धत. नवी पद्धत ईसीजीची. सलाइन भरलेली नळीच ईसीजीच्या तारेसारखी वापरली तर टोक हृदयाजवळ जाताना ‘पी’ नावाची लहर उंच होत जाते, आणि हृदयात शिरताच ती उलटू लागते. सर्वात उंच लहर दिसली तिथे थांबायचे. यासाठी महागडे खास यंत्र मिळते, पण साध्या मॉनिटरला जोडणी करूनही हे साधते. ज्यांच्या हृदयाचे ठोके मुळातच विस्कळीत असतात, त्यांच्यात ही ‘पी’ लहर नसते. त्यांच्यासाठी एक्स-रे हवाच.

यावर पहिला आक्षेप येतो तो गर्दीचा. एका सिस्टरकडे पन्नास रुग्ण असताना शेक, टेप आणि पडदा यांना वेळ कुठून आणायचा? आक्षेप प्रामाणिक आहे, पण हिशोब उलटा आहे. मोजमापाला लागणारी दहा मिनिटे दिसतात. चार अयशस्वी प्रयत्नांत गेलेला पाऊण तास, वाया गेलेला महागडा संच, पुढे गुठळी झाल्यावर महिनोन्महिने चालणारे रक्त पातळ करण्याचे औषध, आणि त्या काळात पुढे ढकलावी लागलेली केमो, हे सगळे वेगवेगळ्या खात्यांत विखुरले जाते म्हणून कुणाला दिसत नाही.

दुसरा आक्षेप खास आपला आहे आणि तो हलक्याने घेता येणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. केंद्राचा कायदा १९९४चा. त्याअन्वये सोनोग्राफीचे यंत्र शिरा पाहण्यासाठी आणले तरी त्याची नोंदणी लागते, वापरणारा पात्र असावा लागतो, आणि हलवता येणाऱ्या छोट्या यंत्रांवर तर जादा बंधने आहेत. परिणामी अनेक ठिकाणी यंत्र एका खोलीत राहते आणि रुग्ण वॉर्डात. हे बंधन शिथिल करा असे म्हणणाऱ्यांची अडचण समजते, तरी मी त्यांच्या बाजूने नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये राज्यात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात फक्त ८०७. शिरा पाहण्याच्या प्रोबला काही सेंटीमीटरपलीकडचे नीट दिसत नाही हे खरे, पण त्याच यंत्राला दुसरा प्रोब जोडता येतो. म्हणून नोंदणी राहायलाच हवी. करायचे आहे ते उलट बाजूने: अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह आणि केमो देणाऱ्या विभागासाठी रुग्णालयाने रीतसर स्वतंत्र यंत्र नोंदवावे, तिथल्या भूलतज्ज्ञांची आणि इतर पात्र डॉक्टरांची नावे त्यात घालावीत, आणि कागदपत्रांचे काम हे नळी बसवण्याच्या तयारीचाच भाग धरावे. कायदा पाळणे आणि शीर पाहून सुई टोचणे यांत एकाचीच निवड करावी लागेल, असे मानण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: नळी घालणे सोपे झाले की ती ऊठसूट घातली जाईल. तशी ती घातली गेलीही आहे. विनीत चोप्रा आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की मान-छातीतून घातलेल्या नळ्यांच्या तुलनेत पिक लाइनमुळे खोल शिरेत गुठळी होण्याची शक्यता सुमारे अडीचपट असते. दोन वर्षांनी त्याच गटाने पुढाकार घेतलेल्या मिशिगनच्या मार्गदर्शिकेने सांगितले की साध्या औषधांसाठी, पाच दिवस किंवा त्याहून कमी काळ लागणार असेल तर पिक लाइन घालूच नये. आणि ज्यांची मूत्रपिंडे बरीच निकामी झाली आहेत त्यांच्यात ती टाळावी, कारण पुढे डायलिसिससाठी हातातल्या याच शिरांची गरज पडते. मधुमेह आणि मूत्रपिंडाचे आजार घरोघरी असलेल्या आपल्या समाजात हा इशारा कानाआड करण्यासारखा नाही. पण तो मोजमापाच्या बाजूनेच बोलतो. नळी घालण्यापूर्वी मूत्रपिंडांचा अंदाज देणारे क्रिएटिनिन पाहणे, किती आठवडे लागणार ते विचारणे आणि शिरेची रुंदी मोजणे ही एकाच सवयीची तीन रूपे आहेत. ज्या रुग्णांत अडचण येते त्यांपैकी काहींच्या बाबतीत अडचणीवरचा उपाय म्हणजे नळी न घालणे हाच असतो.

आणि ज्यांना ती घातली जाते त्यांचा प्रवास रुग्णालयाच्या दारात संपत नाही. मुंबईला टाटा रुग्णालयात केमो घेऊन जळगावला किंवा नांदेडला परतणाऱ्या माणसाची नळी दर आठवड्याला सलाइनने साफ करावी लागते, ड्रेसिंग बदलावे लागते, त्या हातावर रक्तदाब मोजायचा नसतो, आणि सलाइन सोडायची ती दहा मिलिलिटरच्या सिरिंजने, कारण छोट्या सिरिंजच्या दाबाने नळी फाटू शकते. तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरला हे कुणी सांगितलेले नसेल तर तिचा दोष नाही. रुग्णाबरोबर एक छोटे कार्ड द्यावे, त्यावर या सूचना असाव्यात, आणि मागच्या बाजूला नळी घालणाराने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात, म्हणजे वर्षभराने दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरसमोर तोच दंड उघडा होईल तेव्हा त्याला पहिल्यापासून चाचपडावे लागणार नाही: उजवा हात, बॅसिलिक शीर, रुंदी ३.४ मिलिमीटर, चार फ्रेंच, ३८ सेंटीमीटर; खांद्याशी अडली, हात बाजूला घेतल्यावर पुढे गेली.